मका-सोयाशिवाय मांसाच्या कोंबड्या: इंदूरच्या आसपास कुणी वाढवतंय का?

खंडवा_रोड (धागाकर्ते)

मंडळी, सिमरोलच्या पुढे आमची थोडी जमीन आहे. विहिरीला पाणी बाराही महिने, बांधावर शेवगा आणि सुबाभूळ, एका कडेला गोठा, म्हणजे शेणाचा ढीग कायमचा. तिथे घरापुरत्या आणि चार ओळखीच्या घरांपुरत्या खाण्याच्या कोंबड्या पाळायच्या आहेत. अट एकच, पोत्यातलं खाद्य नको. मका नको, सोयापेंड नको. चारा, अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती), किडे, उरलेला भाजीपाला, एवढ्यावर पक्षी वाढला पाहिजे. ज्या शहरात सोयाबीनची संशोधन संस्थाही आहे आणि प्रोसेसरवाल्यांची संघटनाही, तिथे बसून सोया नको म्हणतोय हे मला कळतंय, हसू नका.

बेत असा: शंभर ब्रॉयलर पिल्लं, अझोल्याचे दोन खड्डे, बाकी मोकळं रान. व्हिडिओंमध्ये तर सगळे खर्च शून्य म्हणतात. अनुभवी लोकांनी स्पष्ट बोलावं.

रामबागवासी

श्रावण लागला आणि कोंबडीचा धागा वर आला, ॲडमिन झोपलेत का? :)

भिया, आमच्या ओळखीत नमकीनचा कारखाना आहे. शेवेचा चुरा पोत्याने निघतो. बेसनच की ते, म्हणजे प्रोटीन झालं. पाठवू का?

मानपूरचा_मळा

चुरा नको. का ते डॉक्टर सांगतील, त्यांना धाग्यावर बोलावलंय.

खंडवा_रोड, तुमच्या बेताचा आधी हिशेब मांडू. अझोल्यात प्रोटीन वीस-पंचवीस टक्के असतं असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. पण ते वाळवलेल्या अझोल्यात. ताज्या अझोल्यात ९३-९४ टक्के नुसतं पाणी. चांगला सांभाळलेला खड्डा चौरस मीटरला रोज २०० ग्रॅमच्या आसपास देतो. समजा तुमचा खड्डा तीन चौरस मीटरचा आहे. रोजचे ६०० ग्रॅम निघाले, त्यातला कोरडा माल ३५-४० ग्रॅम. तो वीस कोंबड्यांत वाटला तर एकीच्या वाट्याला दोन ग्रॅमसुद्धा येत नाही. वाढत्या कोंबडीला दिवसाला कोरडं खाद्य लागतं ८०-१०० ग्रॅम. तेवढं फक्त अझोल्यातून द्यायचं म्हटलं तर तिला रोज जवळजवळ स्वतःच्या वजनाइतका ओला पाला गिळावा लागेल. तिच्या पिशवीत तेवढी जागाच नाही हो. अझोला ही जेवणातली कोशिंबीर समजा, भाकरी नव्हे.

त्यात आपल्याकडचा मे महिना. पारा चाळीसच्या वर गेला की उघड्यावरचा अझोला तपकिरी पडून बसतो. हिरवी जाळी, नाहीतर आंब्याची सावली लागतेच. हा खड्डा जरूर करा, पण त्यावर शंभर पक्षी उभे करू नका.

दुसरं, ब्रॉयलर. ही जात सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जायला तयार केलेली आहे, आणि ती जाते ते घट्ट, भरपूर ऊर्जेच्या खाद्यावर. किलोभर वजनाला साधारण १.६-१.७ किलो खाद्य. तिला रानात सोडलंत तर ती दाण्याच्या भांड्याशेजारी बसून राहते. उकरणं फारसं नाही, उन्हात धाप लागते, पाय वजन पेलत नाहीत. खाद्य तोडलंत तर वाढ खुंटते आणि एकेक मान टाकायला लागते. चारा-किड्यांवर ब्रॉयलर हा बेतच चुकीचा आहे. आधी जात बदला, मग खाद्याचं बोलू.

खंडवा_रोड

हिशेब झोंबला, पण पटला. तरी एक शंका राहतेच. आमच्या गावात प्रत्येक घरी देशी कोंबड्या आहेत. त्यांना कोण मक्याची पोती घालतं? दिवसभर हिंडतात, संध्याकाळी खुराड्यात येतात. त्या वाढतातच ना?

मानपूरचा_मळा

जगतात. वाढतात म्हणायचं तर किलोभराला यायला पाच-सहा महिने घेतात. आणि गंमत अशी की एका घरी त्या किती असतात ते मोजा. पाच, सात, फार तर दहा. गावाचा उकिरडा, खळ्यातलं सांडलेलं धान्य, गोठ्यातला चुरा, खरकटं, बांधावरचे किडे, हे सगळं मिळून एवढ्याच कोंबड्यांचं पोट भरतं. कोंबड्या दुप्पट केल्या म्हणून उकिरडा दुप्पट होत नाही, प्रत्येकीचा वाटा निम्मा होतो. आणि तुमच्या गावची बाई संध्याकाळी खुराडं लावताना मूठभर ज्वारी किंवा कणी टाकतेच, ती कुणी हिशेबात धरत नाही.

बडोदेकर_मावशी

आमच्याकडे लहानपणी डालग्याखाली झाकायच्या अगोदर बाजरीची मूठ असायचीच. त्याशिवाय आत जायच्याच नाहीत मेल्या. मळेवाले दादा बरोबर बोलतायत.

महू_पशुवैद्य

बोलावलंत म्हणून आलो. विषय चांगला आहे, जरा सविस्तर लिहितो.

आधी शेव. कोंबडीच्या खाद्यात मीठ अर्ध्या टक्क्याच्या आतच हवं, साधारण ०.३ टक्के पुरतं. शेव-नमकीनमध्ये ते कितीतरी जास्त असतं. पिल्लांना ते सोसत नाही. तहान तहान करतात, पातळ हगतात, पोटात पाणी भरतं, पाय लुळे पडतात, मरतात. पाणी कमी पडलं तर आणखी लवकर. मिरचीची मात्र काळजी नको. पक्ष्यांना तिखट लागतच नाही, त्यांच्या तोंडातल्या चेता मिरचीच्या त्या द्रव्याला दादच देत नाहीत. तुम्हाला ठसका लागेल असे पोहे ती मजेत खाईल. बुरशी आलेली पोळी, पाव, शेंगदाणा पेंड यापैकी काहीही देऊ नका. अफ्लाटॉक्सिन यकृत खलास करतं, आणि बुरशी झटकून टाकली तरी विष आतच राहतं.

आता मूळ मुद्दा. पोत्यातलं नको म्हणजे दाणाच नको, ही गल्लत धाग्यात होते आहे. कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो काय खातो? गवताचं बी, बांबूचं बी, पडलेली फळं, वाळवी, मुंग्या, अळ्या. म्हणजे बी हे तिचं नैसर्गिक अन्नच आहे. धान्य अनैसर्गिक आणि गवत नैसर्गिक, हे गाईबद्दल बोलायचं वाक्य कुणीतरी कोंबडीला चिकटवलंय. गाईला चार कप्प्यांचं पोट आहे, गवताचा धागा फोडणारे जंतू आहेत. कोंबडीला पिशवी, पेषणी आणि छोटं आतडं. तंतू सहा-सात टक्क्यांच्या वर गेले की तिची वाढ मंदावते. गवत खाते ती जीवनसत्त्वांसाठी आणि कॅरोटीनसाठी. त्यानेच चरबी आणि कातडी पिवळी होते, जी आपल्याला देशीची खूण वाटते. पण ऊर्जा त्यातून जवळपास शून्य. नुसत्या गवतावरच पक्षी वाढवायची हौस असेल तर गूज (पाळीव हंस) पाळा, तो खरा चरणारा.

पाला द्यायचाच तर लसूणघास, शेवगा, दशरथ घास, तांदुळजा, घोळ हे उत्तम. कोवळा, बारीक चिरून. सुबाभळीत मिमोसीन हे विषारी द्रव्य असतं, म्हणून वाळलेला पाला खाद्याच्या पाच टक्क्यांच्या आत. गाजरगवत, घाणेरी, धोतरा, एरंडाचं बी कुंपणाच्या बाहेर. आणि घरचं सोयाबीन आहे म्हणून कच्चं दळून घालायचा मोह आवरा. कच्च्या सोयाबीनमधले ट्रिप्सिन रोधक प्रोटीन पचूच देत नाहीत. भाजा किंवा उकडा, मग द्या. तुमची अट पोत्यातलं नको अशी असेल तर घरचं भाजलेलं सोयाबीन त्यात बसतं, नाही का?

रोगांचं वेगळं लिहितो, जेवायला बोलावतायत.

रामबागवासी

चुरा कॅन्सल. डॉक्टर, मिरचीची माहिती भारी आहे, आता ऑफिसात मिरवतो.

अवांतर: शहरातला ओला कचरा देवगुराडियाच्या गॅस बनवणाऱ्या प्लांटात जातो, २०२२ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा रोज ५५० टन क्षमता होती. त्यातला अर्धा कोंबड्यांना दिला असता तर?

मानपूरचा_मळा

गॅस पण लागतो हो बसगाड्यांना. पण चोइथराम मंडीत पहाटे गेलात तर कोबीचा, फ्लॉवरचा पाला ढिगाने पडलेला असतो. फवाऱ्याचं औषध धुऊन घ्या. त्यापेक्षा घरच्या बांधावरचा बरा.

व्हरमाँटहून_इंदूरकर

मी मूळचा लोकमान्य नगरचा, सध्या अमेरिकेत व्हरमाँट राज्यात. इथलं एक उदाहरण या धाग्यावर असायलाच हवं. माँटपेलियरजवळ कार्ल हॅमर यांची व्हरमाँट कंपोस्ट कंपनी आहे. ते शहरातल्या हॉटेलांचं उरलेलं अन्न, शेण आणि पालापाचोळा यांचे मोठे ढीग लावतात आणि त्यांवर कोंबड्या सोडतात. धान्य विकत आणत नाहीत. कोंबड्या खरकटं तर खातातच, पण ढिगात तयार होणारे किडे, अळ्या, जंतू हे त्यांचं मुख्य अन्न. मात्र त्या अंड्यांच्या कोंबड्या आहेत, आणि मुख्य व्यवसाय खताचा. मांसाच्या हिशेबात ते थेट बसत नाही.

दुसरे जोएल सॅलटिन, व्हर्जिनियाचे. दहा बाय बारा फुटांचे, दोन फूट उंचीचे बिनतळाचे पिंजरे, एकेकात सत्तर-पंचाहत्तर पक्षी, रोज सकाळी पिंजरा पुढच्या ताज्या गवतावर ओढायचा. जगभर लोक त्यांची नक्कल करतात, पण हे पक्षी ब्रॉयलरच आणि त्यांना रोज दळलेलं धान्य घातलं जातं, हे व्हिडिओ बनवणारे गाळतात. गवताने चव आणि जमीन सुधारते, दाण्याची बचत थोडीशीच.

फ्रान्सच्या 'लेबल रूज' कोंबडीचं तर युरोपात केवढं नाव! हळू वाढणारी जात, निदान ८१ दिवस वय, प्रत्येक पक्ष्याला बाहेर दोन चौरस मीटर मोकळी जागा. आणि खाद्यात किमान ७५ टक्के तृणधान्य असलंच पाहिजे असा नियम. चवीसाठी नावाजलेली कोंबडी धान्यावरच वाढते.

खंडवा_रोड

म्हणजे मांसाची कोंबडी वाढवणारे सगळेच धान्य देतात आणि बोलत मात्र गवताबद्दल. आता शून्य धान्याचा हट्ट सोडतो. पण निम्म्यावर तरी आणता येईल का? आणि किडे पद्धतशीर कसे मिळवायचे, उकिरड्याच्या भरवशावर किती राहणार?

मानपूरचा_मळा

हा प्रश्न खरा कामाचा.

सगळ्यात स्वस्त उपाय वाळवीचा. मडक्यात ओलसर शेण, कडबा, जुना गोणपाट कोंबायचा आणि वाळवी असलेल्या जागी मडकं उपडं घालायचं. कडेने माती लिंपायची. रात्रभरात, फार तर दोन दिवसांत आत वाळवी भरते. सकाळी मडकं पिल्लांपुढे झटकायचं. अगदी लहान पिल्लांना यासारखं खाद्य नाही. पण पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात हे जमतं, ऐन पावसात नाही. आणि मडकं आंब्यापासून लांब ठेवा.

दुसरी काळी सैनिक माशी. ही घरमाशी नव्हे, चावत नाही, मोठी झाल्यावर काही खातही नाही, त्यामुळे ताटावर बसत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात आपोआप येते, सडक्या फळांचा डबा झाकण किलकिलं करून ठेवा, अंडी घालून जाते. हिच्या अळ्यांत कोरड्या वजनावर साधारण चाळीस टक्के प्रोटीन, चरबीही भरपूर. म्हणजे पाल्यातून जी ऊर्जा मिळत नाही ती इथे थोडीफार मिळते. डब्याला आतून एक तिरकी पट्टी लावायची. अळी पूर्ण वाढली की काळपट होते, खाणं सोडते आणि कोरडी जागा शोधत त्या पट्टीवरून स्वतःच वर चढते, टोकावरून खाली पडते. खाली बादली ठेवा. आमच्याकडे बादली ठेवून उपयोग होत नाही, कोंबड्यांना वेळ पाठ झालीय. पट्टीच्या टोकाशी माना वर करून उभ्या असतात, अळी हवेत असतानाच गेली. डिसेंबर-जानेवारीत थंडीने हे काम जवळपास बंद पडतं, तेव्हा दाणा वाढवावा लागतो.

तिसरा तुमचा शेणाचा ढीग. तो उंच ठेवू नका, पसरट ठेवा, ओला ठेवा, वर पालापाचोळा. दर दोन-तीन दिवसांनी एक कड फावड्याने उलटायची, बाकी त्या करतात. डावा पाय, उजवा पाय, दोन पावलं मागे, मान तिरकी करून एका डोळ्याने बघायचं आणि टिपायचं. दिवसभर हेच. खत आयतं भुसभुशीत मिळतं. मला विचाराल तर मी कोंबड्या निम्म्या खतासाठीच ठेवल्यात.

या सगळ्यावर संध्याकाळी मूठ-मूठ भरड: ज्वारी, मक्याची भरड नको असेल तर बाजरी, तांदळाची कणी, तूरचुनी, गव्हाचा कोंडा, भाजलेलं सोयाबीन. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत निम्मं खाद्य रानातून भागू शकतं, पक्षी कमी असतील तर. मार्च ते जून रानात काही नसतं, तेव्हा पूर्ण दाणा. सरासरीने वर्षभर निम्मं वाचवलंत असं कुणी म्हणालं तर मी विश्वास ठेवणार नाही.

आणि शेजाऱ्याचं सोयाबीन! जुलै-ऑगस्टमध्ये चक्रभृंग आणि अळ्यांसाठी फवारे बसतात. मेलेली-अर्धमेली अळी सोपी शिकार असते, कोंबड्या तिकडेच धावतात. फवारणीच्या दिवसांत कुंपणाच्या आत.

कालामासी_प्रेमी

जातीबद्दल कुणीच पुढे लिहीत नाहीये म्हणून लिहितो. आपल्या दारात झाबुआ असताना ब्रॉयलर कशाला? कडकनाथ, तिकडच्या भिल्ल-भिलाल्यांची कालामासी. २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचा दाखला) मिळाला. मांस, हाडं, जीभ, सगळं काळं. रानात हिंडायला चपळ, उन्हाला घट्ट. धोनीने रांचीच्या फार्मसाठी झाबुआहूनच पिल्लं मागवली होती, ती बातमी सगळ्यांनी वाचली असेल.

पण वाढ हळू. किलो-सव्वा किलोला यायला चार-पाच महिने. आणि भावाच्या गोष्टी ऐकून शेकड्याने घेऊ नका. २०१९ ला सांगलीकडे कडकनाथच्या नावावर जी योजना बुडाली, त्यात किती शेतकरी अडकले ते महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना विचारा. घरी खायला आणि ओळखीत विकायला उत्तम, बाकी स्वप्नं नकोत.

मधला मार्ग हवा तर नर्मदानिधी. जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने काढलेली, पाव रक्त कडकनाथचं, पाऊण जबलपूर कलर या जातीचं. कडकनाथपेक्षा लवकर भरते, परसात हिंडतेही.

महू_पशुवैद्य

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचा वनराजाही या यादीत धरा. पहिले सहा आठवडे नीट खाद्य आणि पुढे परसात पुरवणी मिळाली तर नर तीन महिन्यांत दीड किलोच्या आसपास जातो. अंगाने जड आहे, घार-मुंगसापुढे कडकनाथइतका चपळ नाही, एवढंच.

आता राहिलेलं. खाद्याची काटकसर पहिल्या सहा आठवड्यांत करायची नाही. हे बजावून सांगतोय, कारण लोक नेमकी तिथेच करतात. पिल्लाला वीस टक्क्यांच्या आसपास प्रोटीनचं स्टार्टर (पिल्लांचं खाद्य), ऊब, पायाखाली कोरडं लिटर (भुसा). तिथे सांगाडा बनतो. तिथे उपाशी राहिलेलं पिल्लू पुढे कितीही अळ्या खाल्ल्या तरी भरत नाही. या सहा आठवड्यांचं पोतं तुमच्या अटीतून वगळा.

लसी बाहेर हिंडणाऱ्यांना जास्त लागतात, कमी नाही. मरेक्स रोगाची लस पहिल्याच दिवशी हॅचरीत टोचलेली असावी, विचारून घ्या. पाच ते सात दिवसांत मानमोडीची लासोटा किंवा एफ-वन, दोन आठवड्यांनी गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान मानमोडीची आर-टू-बी आणि देवीची. मानमोडी आली तर खुराडं दोन दिवसांत रिकामं होतं.

किडे नैसर्गिक, तसे जंतही नैसर्गिक. गांडूळ, नाकतोडे, शेणकिडे, मुंग्या यांच्यातूनही गोलकृमी-पट्टकृमी येतात. दर दोन-तीन महिन्यांनी जंताचं औषध, आणि औषधाच्या डब्यावर दिलेला थांबण्याचा काळ संपल्याशिवाय पक्षी कापायचा नाही. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात चिखल महिनाभर हटत नाही, तिथे रक्ती हगवण ठरलेली. खुराड्याची जागा उंचवट्यावर, मुरूम टाकून.

पाणी आणि दाणा छपराखाली. डिसेंबर २०२० च्या शेवटी डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले आणि एच५एन८ बर्ड फ्लू निघाला, ते आठवत असेल. कावळे-बगळे तुमच्या भांड्यात चोच घालणार नाहीत एवढं पाहा. परिसरात पक्षी मरायला लागले तर आपले आत बंद, आणि विभागाला कळवायचं.

बडोदेकर_मावशी

हिंडलेल्या कोंबडीचं मांस चिवट असतं, ब्रॉयलरसारखं वीस मिनिटांत शिजत नाही. कापल्यावर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मग कच्च्या पपईचा तुकडा वाटून लावा, मंद आचेवर झाकणात पाणी ठेवून शिजवा. रस्सा बघा मग. मांस कमी आणि रस्सा जास्त अशीच ती खायची असते.

रामबागवासी

मावशी, श्रावण संपेपर्यंत थांबा की!

खंडवा_रोड

सगळ्यांचे आभार. बेत असा बदलतोय: शंभर नाहीत, पंचवीस. ब्रॉयलर नाही. निम्मे कडकनाथ, निम्मे नर्मदानिधी, कुठले रानावर जास्त टिकतात ते शेजारी शेजारी कळेल. सहा आठवडे स्टार्टर, पुढे घरची ज्वारी, कणी आणि भाजलेलं सोयाबीन. एक अझोल्याचा खड्डा आंब्याखाली, अळ्यांचे दोन डबे, शेणाचा ढीग पसरट. दर आठवड्याला पक्षी तोलून दाणा किती गेला ते लिहून ठेवणार.

डॉक्टर, पिल्लं आत्ताच आणू की थांबू? पाऊस जोरात आहे.

महू_पशुवैद्य

थांबा. सप्टेंबरच्या मध्यावर आणा. ब्रूडिंग (पिल्लांना ऊब द्यायचा काळ) संपेपर्यंत चिखल सुकतो, बाहेर नाकतोडे-अळ्या अजून असतात आणि कडाक्याच्या थंडीआधी पिसं पूर्ण येतात. कडकनाथसाठी झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रात आत्ताच विचारून ठेवा, मागणी जास्त असते. आणि पंचवीस हवेत तर तीस घ्या, एवढ्या पिल्लांत दोन-चार जातातच.

मानपूरचा_मळा

येताना टोपल्यांत भरून उन्हात आणू नका, रात्री निघा. मडकी आमच्याकडून घेऊन जा, जुनी चिरलेली आहेत, वाळवीला चालतात.